सायकलपटूंचा ऑफ-सीझन: ताकद आणि उड्यांच्या सरावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हंगामातली शेवटची शर्यत झाली की पुढच्या चार-पाच महिन्यांचं काय करायचं, हे ठरवायला बहुतेक सायकलपटू उशीर करतात. कोणी नुसते किलोमीटर वाढवत राहतो. कोणी जिममध्ये हलक्या वजनाचे लांबलचक सेट मारतो आणि दोन महिन्यांनी फरक पडला नाही म्हणून सोडून देतो. सायकल पायांना दोन गोष्टी कधीच देत नाही: जड ओझं आणि जमिनीचा हादरा. ऑफ-सीझन या दोन गोष्टींसाठी वापरायचा, आणि आधी ओझं, मग हादरा हा क्रम मोडायचा नाही. खालची उत्तरं रोड रेस, टाइम ट्रायल (घड्याळाविरुद्ध एकट्याची शर्यत) आणि माउंटन बाइक खेळणाऱ्यांना धरून लिहिली आहेत.

रोज दोन-तीन तास पेडल मारतो. पाय आधीच मजबूत आहेत. मग वजनं कशाला?

पेडलवर खरोखर किती जोर पडतो, याचा हिशेब एकदा मांडून बघा. ३०० वॉट पॉवर, ९० कॅडेन्स (मिनिटाला पेडलच्या फेऱ्या) आणि १७२.५ मिलिमीटरचा क्रँक (पेडल जोडलेला दांडा) धरला, तर क्रँक फिरवणारा सरासरी जोर साधारण १८५ न्यूटन भरतो, म्हणजे १९ किलोच्या आसपास. प्रत्येक फेरीत पाय खाली जाताना तो याच्या बराच वर जातो, पण तुमच्या पायाच्या कमाल ताकदीपुढे तोही लहानच. एवढा जोर हजारो वेळा लावून पाय चिवट होतात. त्यांची कमाल ताकद त्यातून फारशी वाढत नाही.

मग १९ किलोसाठी शंभर किलोची ताकद हवीच कशाला?

कारण कमाल ताकद वाढली की तोच जोर तिचा लहान हिस्सा होतो. स्नायूतले सहज न दमणारे संथ तंतू जास्त वेळ काम सांभाळतात आणि लवकर थकणाऱ्या वेगवान तंतूंना उशिरा हात घालावा लागतो. शिवाय जड सरावाने वेगवान तंतूंमधले सर्वांत लवकर दमणारे तंतू हळूहळू जास्त टिकणाऱ्या प्रकाराकडे सरकतात.

याचा फायदा दिसतो तो शर्यतीच्या शेवटी. नॉर्वेमध्ये बेंट रोनेस्टाड आणि सहकाऱ्यांनी चांगल्या तयारीच्या सायकलपटूंकडून १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा जड ताकदीचा सराव करून घेतला. नंतर त्यांना १८५ मिनिटं मध्यम वेगाने सायकल चालवायला लावली आणि लगेच ५ मिनिटं जीव तोडून. ताकदीचा सराव केलेल्यांची त्या ५ मिनिटांतली पॉवर वाढली, नुसती सायकल चालवणाऱ्यांची वाढली नाही. डेन्मार्कमध्ये २३ वर्षांखालच्या राष्ट्रीय संघातल्या खेळाडूंवर १६ आठवड्यांचा असाच प्रयोग झाला. तिथे ४५ मिनिटांच्या टाइम ट्रायलमधली पॉवर वाढली, आणि मांडीच्या स्नायूतंतूंची जाडी मात्र वाढली नव्हती.

ताज्या पायांनी दिलेल्या चाचणीत कदाचित तुम्हाला काहीच फरक दिसणार नाही. तीन तासांनंतरच्या शेवटच्या चढावर बघा.

उड्या कशासाठी? सायकलवर तर कोणी उडी मारत नाही.

इथे मी जपून उत्तर देतो, कारण उड्यांबद्दल बरंच वाढवून सांगितलं जातं.

९० कॅडेन्सला एक पाय खाली ढकलायला साधारण एक तृतीयांश सेकंद मिळतो. १२० कॅडेन्सच्या स्प्रिंटमध्ये पाव सेकंद. स्नायूला आपला पूर्ण जोर उभा करायला याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे स्प्रिंटमध्ये तुमच्याकडे एकूण किती ताकद आहे याइतकंच, ती किती झटकन निघते यालाही महत्त्व आहे. उड्या हा झटका शिकवतात. वळणातून बाहेर पडताना, कोणी अटॅक केल्यावर मागे लागताना, शेवटच्या दोनशे मीटरमध्ये तो कामाला येतो.

पण धावपटूंना उड्यांनी जो फायदा होतो तो तसाच सायकलपटूला मिळेल, असं मानू नका. धावताना टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) प्रत्येक पावलाला ताणला जाऊन परत उसळतो आणि उड्या नेमकी तीच उसळी सुधारतात. पेडल मारताना ही उसळी जवळपास नसते. त्यामुळे सहनशक्तीच्या शर्यतीसाठी जड वजनांचा पुरावा भक्कम आहे, उड्यांचा त्यामानाने कमी. एकच गोष्ट करायला वेळ असेल तर वजनं निवडा. तरीही मी उड्या सोडू देत नाही, आणि त्याचं मुख्य कारण पुढच्या प्रश्नात आहे.

सायकलपटूंची हाडं विरळ असतात, हे खरं आहे का?

हो. ही गोष्ट सायकलपटू सर्वांत कमी मनावर घेतात. वर्षानुवर्षं रोड सायकलिंग करणाऱ्यांमध्ये कमरेच्या मणक्यांची हाडांची घनता त्यांच्या वयाच्या धावपटूंपेक्षा कमी आढळते, कधी कधी व्यायाम न करणाऱ्यांपेक्षाही कमी. बाहेरून माणूस कमालीचा तंदुरुस्त दिसतो, म्हणून शंकाच येत नाही.

कारणं अनेक आहेत. शरीराचं वजन खोगीर पेलतं, त्यामुळे हाडांना हादरा मिळत नाही. उरलेला दिवस विश्रांतीत, बसून जातो. तासन्‌तास येणाऱ्या घामातून कॅल्शियम जातं. आणि चढावर हलकं राहण्याच्या नादात खेळाडू गरजेपेक्षा कमी खातो, तेव्हा शरीर हाडांच्या बांधणीवरचा खर्च कमी करतं. त्यात हा खेळ पडण्याचा. गळ्याखालचं हाड (कॉलरबोन) मोडलेला एखादा तरी भिडू प्रत्येक क्लबात असतो.

हाडाला जाग येते ती वेगाने येणाऱ्या, जोरदार आणि सवयीच्या नसलेल्या भारामुळे. रोजच्या चालण्याने ते होत नाही, कारण त्या भाराला हाड कधीच सरावलेलं असतं. उडी मारून जमिनीवर येताना हे तिन्ही गुण एकत्र येतात. आणखी एक सोयीची गोष्ट: काही डझन हादऱ्यांनंतर हाडाच्या पेशी प्रतिसाद देईनाशा होतात आणि काही तासांच्या विश्रांतीनंतर पुन्हा जाग्या होतात. म्हणून एका दिवशी दोनशे उड्या मारून काही साधत नाही. आठवड्यातून तीन-चार वेळा तीस-चाळीस उड्या हाडासाठी अधिक मोलाच्या. दिशाही बदलत राहा: पुढे, बाजूला, तिरकी. जड स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठक) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून उभं राहणं) मणक्याला भार देतात, म्हणून तेही या हिशेबात धरा. हाडं मात्र सावकाश बदलतात. घनतेच्या तपासणीत फरक दिसायला कित्येक महिने जातात, तेव्हा हा उद्योग एका ऑफ-सीझनचा नाही.

सुरुवात कधी करायची आणि क्रम काय?

शेवटच्या शर्यतीनंतर दोन आठवडे पूर्ण मोकळे घ्या. सायकल चालवली तरी मजेसाठी. मग पहिले तीन-चार आठवडे हालचाली शिकायच्या: मध्यम वजन, १०-१५ रेप (एका सेटमधल्या आवृत्त्या), थांबताना अंगात बराच जोर शिल्लक. याच काळात उडीवरून उतरण्याचा सराव सुरू होतो, प्रत्यक्ष उड्या नाहीत. त्यानंतर सहा ते आठ आठवडे जड वजनांचे, आठवड्यातून दोनदा, सोबत सोप्या उड्या. शेवटचे तीन-चार आठवडे वजनांचे सेट कमी आणि उड्या जास्त जोरकस. तोवर सायकलवरचे तीव्र इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत जोराचे छोटे टप्पे) वाढू लागलेले असतात, म्हणून जिमचा बोजा उतरवावाच लागतो.

जड म्हणजे नेमकं किती?

ज्या वजनाने चार ते आठ रेप होतात आणि थांबताना आणखी एक-दोन चांगले रेप निघाले असते असं वाटतं, ते तुमचं जड. सेट तीन, फार तर चार. दोन सेटमध्ये दोन ते तीन मिनिटं थांबा. अर्ध्या मिनिटात पुढचा सेट सुरू केला तर धाप लागते, पण वजन कमी करावं लागतं आणि सगळा हेतूच जातो. दम वाढवायला सायकल आहेच.

खाली जाताना सावकाश, दोन-तीन सेकंद. वर येताना शक्य तितक्या वेगाने यायचा प्रयत्न करा. वजन जड असल्याने ते दिसायला हळूच येईल, पण तो प्रयत्नच स्नायूंना झटकन चेतवायला शिकवतो. पाठ गोल होऊ लागली किंवा गुडघे आत वळू लागले की सेट संपला, मग ठरवलेला आकडा गाठलेला असो वा नसो.

कोणते व्यायाम करू?

थोडे घ्या आणि तेच महिनोन्‌महिने करा. दोन्ही पायांचा एक मुख्य व्यायाम: स्क्वॉट किंवा डेडलिफ्ट. एका पायाचा एक: बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट (मागचा पाय बाकावर ठेवून एका पायाची बैठक), स्टेप-अप किंवा एका पायाचा लेग प्रेस. पेडल आपण आळीपाळीने एकेका पायाने मारतो, आणि एका पायाच्या व्यायामात दोन पायांमधला फरक लपत नाही. मांडीच्या मागच्या बाजूसाठी रोमेनियन डेडलिफ्ट (गुडघे किंचितच वाकवून नितंबांतून पुढे झुकणं), आणि पोटऱ्यांसाठी काफ रेझ (टाचा उचलणं). काफ रेझ सगळ्यात कंटाळवाणा म्हणून सगळे गाळतात, आणि पुढे उड्या सुरू झाल्या की टाचेमागचा अकिलीस टेंडन दुखतो म्हणून तक्रार करतात. तो गाळू नका.

वरच्या अंगासाठी रोइंग, पुश-अप, प्लँक आणि साइड प्लँक पुरेसे आहेत. स्प्रिंटमध्ये हँडल ओढताना आणि लांब टाइम ट्रायलमध्ये एकाच स्थितीत राहताना त्यांचा उपयोग होतो.

स्क्वॉट किती खोल? मांडी जमिनीला समांतर होईपर्यंत जाता आलं तर उत्तम. पेडलच्या वरच्या टप्प्यावर गुडघा नव्वद अंशांहून जास्त वाकलेला असतो, तेव्हा पाव स्क्वॉटवर भरमसाट वजन लादून फारसं काही मिळत नाही.

उड्यांची सुरुवात कुठून करू?

उतरण्यापासून. गुडघ्याच्या निम्म्या उंचीच्या पायरीवरून खाली पाऊल टाका, दोन्ही पायांवर उतरा, आणि दोन सेकंद पुतळ्यासारखे थांबा. आवाज ऐका. धप्प आवाज आला तर हादरा स्नायूंऐवजी सांध्यांनी घेतला. गुडघे बोटांच्या रेषेत, नितंब मागे, छाती उचललेली. वर्षानुवर्षं फक्त सायकल चालवलेल्या माणसाच्या स्नायूंनी ताणलं जाता जाता ब्रेक लावायचं काम केलेलंच नसतं, कारण पेडलमध्ये ते येत नाही. हृदय आणि फुफ्फुसं कितीही तयार असोत, या बाबतीत तुम्ही नवखे आहात.

तीन-चार आठवड्यांनी पोगो सुरू करा: गुडघे जवळपास ताठ ठेवून घोट्यांतून छोट्या, चटपटीत उड्या, दहाचे दोन-तीन सेट. मग स्क्वॉट जंप, म्हणजे खाली बसून दोन सेकंद थांबायचं आणि तिथून झेप घ्यायची. उसळीची मदत नसल्याने ही उडी पेडलच्या कामाशी सर्वांत जवळची, आणि स्टँडिंग स्टार्टशी (थांबलेल्या सायकलवरून सुरुवात) तर फारच. तीन ते पाच उड्यांचे तीन-चार सेट, मध्ये दीड-दोन मिनिटं. त्यानंतर लांब उडी, बाजूच्या उड्या, स्प्लिट जंप (एक पाय पुढे, एक मागे), आणि सगळं नीट जमल्यावर एका पायाच्या.

एका सत्रात जमिनीला किती वेळा पाय लागले ते मोजा. पहिल्या महिन्यात तीस-चाळीस पुरे, पुढे साठ-सत्तरच्या वर जायची सायकलपटूला गरज नाही. दमल्यावर मारलेली उडी झटका शिकवत नाही. म्हणून एका सत्रात उड्या वॉर्म-अपनंतर लगेच, वजनांच्या आधी. नेहमीचे खेळाचे बूट, रबरी किंवा लाकडी फरशी. वाळू आणि जाड गादी टाळा.

उंचावरून उडी टाकून लगेच वर झेपावण्याची डेप्थ जंप ही यूरी वर्खोशान्स्की यांनी १९६०च्या दशकात सोव्हिएत उडीपटूंसाठी बसवलेली पद्धत. तुम्ही तिच्याशिवाय उत्तम सायकलपटू होऊ शकता.

उडी मारून चढायचा बॉक्स जितका उंच तितका फायदा जास्त का?

नाही. ठरावीक उंचीच्या वर तुम्ही किती उडता यापेक्षा गुडघे किती दुमडता हेच मोजलं जातं, आणि चुकलं तर नडगी सोलते. मध्यम बॉक्स घ्या, वर उभे राहा, आणि खाली येताना पायऱ्या उतरल्यासारखे एकेक पाय टाकून या.

वजनं आणि सायकल एकाच दिवशी चालतील का?

चालतील, बऱ्याचदा तेच बरं. १९८० मध्ये रॉबर्ट हिक्सन यांनी दाखवलं की दहा आठवडे ताकद आणि सहनशक्ती दोन्ही जोरात केली, तर ताकद काही आठवडे वाढते, मग अडखळते आणि शेवटी घसरू लागते. सहनशक्तीचं मात्र नुकसान झालं नव्हतं. सायकलपटूसाठी याचा अर्थ इतकाच, की जिममधली ताकद निव्वळ वजनं उचलणाऱ्याइतकी वाढणार नाही. ती तशी वाढायची गरजही नाही.

सकाळी सायकलवरचा कठीण सराव, मध्ये सहा तास किंवा जास्त, भरपूर जेवण, आणि संध्याकाळी जिम. मग दुसरा दिवस पूर्ण सोपा. कठीण दिवस कठीण आणि सोपे दिवस खरेच सोपे राहतात. जिममध्ये नवीन असाल तर पहिला महिना मात्र जिम वेगळ्या दिवशी ठेवा, कारण तेव्हा पाय खूप दुखतात.

पाय इतके दुखतात की वॉट कमी पडतात. थांबवू का?

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हे होणारच. दुखणं एक ते तीन दिवसांत शिगेला जातं आणि उतरतं, आणि तोच व्यायाम पुन्हा केल्यावर बरंच कमी दुखतं. याच कारणाने सुरुवात शर्यतींपासून लांब करायची आणि त्या आठवड्यांत पॉवरची चाचणी घ्यायची नाही. चौथ्या-पाचव्या आठवड्यातही जिने उतरताना कठडा धरावा लागत असेल तर सेट निम्मे करा. वजन कमी करू नका, सेट कमी करा.

माझं वजन वाढलं तर चढावर मार खाईन.

आठवड्याला आठ-दहा तास सायकल चालवणाऱ्याचं वजन दोन दिवसांच्या जड सरावाने सहसा वाढत नाही. तेवढी सायकलिंग चालू असताना स्नायू फुगणं कठीण असतं. मांडीत थोडी भर पडली तरी ती काम करणाऱ्या जागी पडते. या भीतीने जेवण कापणं हे खरं नुकसान. ताकद वाढवायच्या महिन्यांत वजन उतरवायचा प्रयत्न करू नका. शरीराच्या दर किलोमागे रोज १.६ ते २ ग्रॅम प्रोटीन घ्या आणि लांब राइडवर कर्बोदकं टाळू नका.

मोठ्या गिअरवर, कमी कॅडेन्सने चढ चढलो तर जिमचं काम होत नाही का?

नाही. वरचाच हिशेब ३०० वॉट आणि ५० कॅडेन्सवर करा: सरासरी जोर ३४ किलोच्या आसपास येतो. नेहमीपेक्षा बराच जास्त, पण जड स्क्वॉटच्या जवळपासही नाही. चढावरच्या लयीसाठी हा सराव जरूर करा, ताकदीचा पर्याय म्हणून नको.

दुखणं साधं आहे की दुखापत आहे, हे कसं ओळखू?

स्नायूत पसरलेलं, दोन्ही पायांत सारखं, वॉर्म-अपनंतर कमी होणारं दुखणं चालतं. सकाळची पहिली पावलं टाकताना टाचेमागे ताठरपणा किंवा गुडघ्याच्या वाटीखाली एका जागी टोचणं, ही टेंडनची तक्रार. टेंडन स्नायूंपेक्षा सावकाश तयार होतात. पाय उडी मारायला तयार वाटतात तेव्हाही टेंडन मागेच असतो. उड्या निम्म्या करा, काफ रेझ सावकाश आणि जड चालू ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेंडन काय सांगतो ते बघून पुढचं ठरवा.

हाडावर बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं, विशेषतः रात्री ठसठसणारं, म्हणजे उड्या बंद आणि डॉक्टर. हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालेल्यांनी, मणक्याच्या चकतीचा त्रास असणाऱ्यांनी आणि नुकतंच हाड जुळलेल्यांनी उड्या विचारल्याशिवाय सुरू करू नयेत.

पन्नाशीत हे जमेल का? आणि मुलांना?

पन्नाशीत जमेल, आणि तेव्हाच सर्वांत जास्त गरज असते. वयाबरोबर आधी झटका जातो, मग ताकद, आणि सहनशक्ती त्यामानाने टिकते. फक्त पहिला टप्पा चारऐवजी सहा-आठ आठवड्यांचा करा आणि दोन जड सत्रांमध्ये तीन दिवस ठेवा.

मुलांनी वजनं उचलली की उंची खुंटते, हा समज चुकीचा आहे. चांगल्या देखरेखीखाली हालचाली शिकणं आणि उड्या मारणं वाढत्या वयात फायद्याचंच, कारण हाडांची बरीचशी पुंजी किशोरवयात साठते.

महिला खेळाडूंसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर ते चांगल्या तयारीचं लक्षण समजू नका. बहुधा शरीराला ऊर्जा कमी पडते आहे आणि त्याची किंमत हाडं मोजतात. अशा वेळी उड्या वाढवून भागत नाही. आधी खाणं आणि डॉक्टर.

सुधारणा मोजायची कशी?

भिंतीलगत उभं राहून हात वर करून खूण करा, मग बोटांना खडू लावून उडी मारा आणि दुसरी खूण करा. तीन प्रयत्नांतला उत्तम आकडा लिहा. दर आठवड्याला, त्याच वेळी, त्याच वॉर्म-अपनंतर. नेहमीपेक्षा तीन-चार सेंटीमीटर कमी निघाले तर त्या दिवशी उड्या आणि जड सेट सोडून द्या.

ट्रॅक स्प्रिंट आणि बीएमएक्ससाठीही (छोट्या, स्फोटक शर्यती) हेच का?

तिथे वजनं आणि उड्या वर्षभर चालतात, बोजा बराच मोठा असतो आणि स्नायू वाढणं ही अडचण मानली जात नाही. त्यांचा कार्यक्रम रोड सायकलपटूने उचलू नये.

शर्यती सुरू झाल्या की जिम बंद?

सगळ्यात जास्त मेहनत इथे वाया जाते. पूर्ण बंद केलं तर आठ आठवड्यांत कमावलेल्या ताकदीचा मोठा वाटा निसटतो, म्हणजे हंगामातली महत्त्वाची शर्यत येते तेव्हा नेमके रिकामे हात. टिकवायला मात्र फार थोडं लागतं. नॉर्वेतल्याच आणखी एका अभ्यासात आठवड्यातून साधारण एकदा केलेल्या सरावाने १३ आठवड्यांच्या हंगामात ताकद टिकली होती. दोन व्यायाम, दोन सेट, चार-पाच रेप, वजन पूर्वीइतकंच जड. वॉर्म-अपसकट पाऊण तासाचं काम. उड्या वीस-तीस, आठवड्यातून दोनदा, सोप्या राइडनंतर दारातसुद्धा होतात.

महत्त्वाच्या शर्यतीच्या आधी शेवटचं जड सत्र चार-पाच दिवस आधी संपवा. उड्यांपैकी फक्त पोगो आणि दोन-चार स्क्वॉट जंप ठेवा, त्याही आदल्या दिवशी नकोत. शर्यत झाली की दोन दिवस पाय मोकळे सोडा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा वजनाच्या बारखाली उभे राहा.